धूर नव्हे, धूळ

"दुसरं वाक्य काढून टाक," वानखडे सर म्हणाले.

रिपोर्ट एका पानाचा होता. त्यात कामाची वाक्यं दोनच. पहिलं असं, की अकोला आणि अमरावती शहरांवर सध्या दिसणारा धुरकटपणा पश्चिमेकडून आलेल्या धुळीमुळे आहे. दुसरं असं, की मेळघाटातल्या आगीचा त्यात म्हणण्यासारखा वाटा नाही.

"पहिलं राहू दे. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. दुसरं कशाला पाहिजे?"

"सर, आपल्याला विचारलंय तेच मुळी आगीबद्दल."

"विचारणाऱ्याले उत्तर आधीच माहीत असते, मीनल. त्याले फक्त खाली आपली सही पाहिजे असते."

मी म्हटलं, "मग त्यांनी स्वतःच करावी."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला की ते असंच करतात. मी वाक्य काढलं नाही.

मी अमरावतीच्या एका छोट्या केंद्रात इमेज अॅनालिस्ट होते, कंत्राटी. उपग्रहानं काढलेली चित्रं उतरवून घ्यायची आणि त्यावरून जमिनीवर काय चाललंय ते सांगायचं, हे आमचं काम. कुठल्या तालुक्यात कपाशी किती, कुठल्या तलावात पाणी किती, संत्र्याच्या बागा कुठे वाळताहेत, असं. उन्हाळ्यात जंगलातल्या आगी. वानखडे सर केंद्राचे प्रमुख. माणूस हुशार, कामाला कडक, आणि वरून फोन आला की उभं राहून बोलणारा.

ते एप्रिलचे दिवस होते. अकोल्यावर आणि अमरावतीवर सकाळपासून मळकट पडदा धरलेला असायचा. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. दम्याच्या पेशंटांचे हाल होते. शाळा लवकर सोडत होत्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मेळघाटात, धारणीच्या बाजूला जंगल पेटलेलं होतं.

आम्ही रोज आगीचा नकाशा काढायचो. उपग्रहाला जमिनीवर एखादी जागा आजूबाजूपेक्षा फार गरम दिसली, की नकाशावर तिथे लाल ठिपका येतो. तो नकाशा आमच्याकडून संबंधित ऑफिसांना जायचा. त्या आठवड्यात तो कोणाच्या तरी फोनवरून बाहेर पडला. बाहेर पडताना त्यावर एक जाड लाल बाण उगवला. धारणीपासून निघून थेट अकोल्यात घुसणारा. बाण आमच्याकडे काढलेला नव्हता, पण नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात नाव आमच्या केंद्राचंच होतं. दोन दिवसांत तो नकाशा वऱ्हाडात सगळ्यांनी पाहिला.

त्यानंतर एका मोठ्या ऑफिसात प्रस्ताव तयार झाला. ऑफिसचं नाव सांगत नाही. जळालेल्या भागाभोवतीच्या कोरकू आदिवासींच्या गावांना या हंगामात जंगलात जायला बंदी. मोहफुलं नाहीत, विड्यांसाठीचा तेंदूपत्ता नाही. मोह वेचायला सोपं जावं म्हणून यांनी झाडाखालचा पाला पेटवला, त्यातून आग लागली, आणि त्या धुरानं दोन शहरं गुदमरली, असं कारण. या गावांचं वर्षाचं निम्मं घर त्या दोन महिन्यांवर चालतं. पुढच्या आठवड्यात बैठक होती. बैठकीसाठी आमच्याकडून रिपोर्ट मागवला होता.

तर मला कसं कळलं की तो धूर नव्हता?

उपग्रहाची नजर दोन तऱ्हेची असते. एक आपल्यासारखी, उजेडाची. तिच्यात धूर आणि धूळ दोन्ही मळकट दिसतात. धूर जरा निळसर, धूळ जरा पिवळसर, पण त्यावरून छातीठोक सांगता येत नाही. दुसरी नजर उष्णतेची. आगीचा पसरलेला धूर तिला जवळजवळ दिसतच नाही, ती त्याच्या आरपार बघते. धूळ मात्र तिला अडवते. मातीचे कण उष्णता वेगळ्या रीतीनं रोखतात. उष्णतेच्या दोन पट्ट्यांमधला फरक काढला की धूळ चित्रात वेगळी उठून दिसते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती गुलाबी दिसते.

मी तो फरक काढला. खानदेश गुलाबी होता, बुलढाणा गुलाबी होता, अकोला गुलाबी होतं, अमरावतीही. धारणीवर, जिथे आग होती तिथे, गुलाबी जवळजवळ काहीच नव्हतं.

मग मी मागे गेले. आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा एक उपग्रह आहे, तो दिवसभर थोड्या थोड्या वेळानं त्याच भागाचं चित्र काढत राहतो. ती चित्रं एकापुढे एक लावली की सिनेमा तयार होतो. गुलाबी पट्टा राजस्थानात उठलेला दिसला, गुजरातवरून खाली सरकला, तापीच्या खोऱ्यातून आत शिरला आणि आपल्याकडे येऊन रेंगाळला. धारणीचा धूरही साध्या चित्रात स्पष्ट दिसत होता. बारीक, निळसर, आगीच्या ठिपक्यांपासून निघालेला. तो ईशान्येला, मध्यप्रदेशाकडे चालला होता. अकोला धारणीच्या दक्षिणेला आहे.

इतकं सगळं सरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं. त्यांना पटलं होतं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"हे सगळं वरून पाहिलेलं झालं," ते म्हणाले. "बैठकीत पहिला प्रश्न येईल, खाली जाऊन कोणी पाहिलं का? तेव्हा काय सांगशील?"

त्यांनी मला अडवायला विचारलं होतं. पण प्रश्न बरोबर होता. मी तीन दिवसांची रजा टाकली.

माझं माहेर अकोल्याला, जठारपेठेत. मी घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर ओला पंचा नाकाला लावून बसली होती.

"पाह्य तुह्या मेळघाटाचा धूर," ती म्हणाली. "तिकडं ते जंगलं जाळून रायले अन् इकडं आमी खोकलून रायलो."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी काहून सांगाले पाहिजे? फोटू आला ना मोबाइलवर. बाण होता त्याच्यात."

मी तिला काही समजावायला गेले नाही. तो बाण आमच्याच नकाशावर होता, हे तर मुळीच सांगितलं नाही. जेवायला बसलो तेव्हा पहिल्याच घासाला दाताखाली कचकच झाली. आईनं पोळी झाकून ठेवली होती तरी. मी उठून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं. बोटाला पिवळट भुकटी आली. चिमटीत चोळली तर खरखरीत. राख अशी लागत नाही, ती मऊ असते आणि बोट काळं करते.

पण माझ्या बोटाला बैठकीत कोण विचारणार? मी चिकटपट्टी घेतली, टाकीच्या झाकणावर दाबली, उचलली आणि काचेच्या पट्टीवर चिकटवली. शेजारच्या दोन गच्च्यांवरून अशाच घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना वाट वाकडी करून भातकुलीला एका ओळखीच्या शेतातल्या गोदामाच्या पत्र्यावरून घेतली, मग अमरावतीत आमच्याच ऑफिसच्या खिडकीवरून. सगळ्या घेऊन परवीनकडे गेले.

परवीन माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. अमरावतीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. दगड-मातीचे कण मायक्रोस्कोपखाली बघणं हे तिचं रोजचंच काम. तिनं एकेक काच सरकवत पाहिली. माझ्याकडे न बघताच बोलली.

"हे क्वार्ट्झ आहे. बारीक वाळूच समज. कडा घासलेल्या आहेत, म्हणजे लांबून उडत आलीय. आपल्या काळ्या मातीत एवढं क्वार्ट्झ नसतंच."

"काजळी?"

"आहे थोडी. ती तुझ्या ऑफिससमोरच्या ट्रकांची असेल. भातकुलीच्या काचेवर तर नाहीच म्हटलं तरी चालेल." मग तिनं मान वर केली. "लिहून देऊ?"

"देशील?"

"कावून नाई देनार? वाळूले वाळू म्हनाले कोनाची परवानगी लागते काय?"

परवीन वर्गात शुद्ध मराठी बोलते. चिडली की वऱ्हाडीवर येते.

रजेचा उरलेला वेळ मी धारणीला गेले. अमरावतीहून परतवाडा एसटीनं, पुढे शेअर जीप. घाट, सेमाडोह, हरिसाल, आणि मग असा रस्ता की जीपवाला स्वतःच म्हणाला, "म्याडम, पोट धरून बसा." रिपोर्टसाठी मला तिथे जायची गरज नव्हती. पण ज्यांच्यावर बंदी यायची होती त्या माणसांना मी फक्त ठिपक्यांच्या शेजारी पाहिलं होतं. ते मला बरं वाटत नव्हतं.

आगीजवळच्या एका कोरकू गावात फुलवंतीबाई भेटल्या. तिथल्या वन हक्क समितीच्या अध्यक्ष, चाळिशीच्या, अंगानं काटक. मी कोण ते सांगितलं तशा त्या दारातच थांबल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"तो फोटो तुमीच काहाडला काय?"

"ठिपके आम्ही काढले. बाण आम्ही नाही काढला."

"तुमचा तो वरचा क्यामेरा," त्यांनी बोट आकाशाकडे केलं, "त्याच्यात आमी आग लावतानी दिसलो काय?"

"नाही. त्यात माणूस दिसत नाही. गरम जागा तेवढी दिसते."

"मंग इझवतानी बी नसन दिसलो."

त्यांनी दोन्ही बाह्या वर सारल्या. कोपरापर्यंत फोड आले होते. काही फुटलेले, त्यावर कसलासा पाल्याचा लेप. सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपत होतं, असं त्यांनी सांगितलं. कोरडा पाला ओढून पट्टा मोकळा केला, तिथे आग थांबली. नसती थांबली तर गावात आली असती.

"आता पाहा," त्या म्हणाल्या. "क्यामेऱ्याले नाई दिसलं तं तुमाले तं दिसते ना."



मग त्यांनी मला जंगलात नेलं. मोहाच्या झाडांखाली जमीन झाडलेली होती, पाला बाजूला ढिगानं लावलेला. या झाडांखाली जाळल्याची खूण नव्हती. आग पलीकडच्या उतारावर होती. ती कोणी लावली? मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. काही ठिकाणी मोहासाठी पाला जाळतात ही गोष्ट खोटी नाही, हे त्यांनीच सांगितलं. पण या गावानं ते बंद करून बरीच वर्षं झाली होती.

निघताना त्या म्हणाल्या, "लिहा मंग, आमचा धूर कुठंच गेला नाई."

"तसं नाही लिहिता येणार, फुलवंतीबाई."

त्यांची नजर बदलली.

"एका सकाळी वारा फिरला होता," मी सांगितलं. "थोडा धूर परतवाड्यावरून अमरावतीकडे आला. चित्रात दिसतो. तो मी लिहिणार."

"म्हंजे तुमी बी त्याइच्याच."

"मी कोणाचीच नाही. पण तो लपवला आणि कोणाला सापडला, तर बाकीचं सगळं खोटं ठरेल."

त्या जीपपर्यंत सोडायला मात्र आल्या.

परत आल्यावर मी रिपोर्टमध्ये तिसरं वाक्य घातलं, त्या सकाळच्या धुराबद्दल. परवीनचं पत्र जोडलं. सरांनी वाचलं आणि पुन्हा चष्मा काढला.

"मी एक काढ म्हटलं, तू एक वाढवलं."

"सर, तिन्ही खरी आहेत."

"पुढच्या वर्षाची कामं याच ऑफिसातून येतात. तुझं कंत्राटही त्याच्यातच आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"जरा मऊ कर. 'निश्चित सांगता येत नाही' एवढं लिही. सगळेच तसं लिहितात."

"निश्चित सांगता येतं सर. तुम्हालाही येतं. तुम्हीच तर मला धुळीची ही पद्धत शिकवली."

हे खरं होतं. त्यांनी चष्मा उचलून पुन्हा लावला. मग म्हणाले, "बैठकीत तूच बोल. मी बोलणार नाही."

मला त्यात शिक्षा वाटावी असं त्यांना वाटलं असेल. मला ती संधी वाटली.

बैठकीला हॉल भरलेला होता. गावांचे प्रतिनिधी बोलावले होते, पण त्यांना बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. त्यात फुलवंतीबाई होत्या. आत मधोमध मोठे साहेब. त्यांनी आमचा रिपोर्ट उचलला, वाचला, खाली ठेवला.

"मॅडम, सोप्या भाषेत बोलू. जंगलात आग होती?"

"होती."

"धूर निघाला?"

"निघाला."

"शहरांत धुरकट होतं?"

"होतं."

"मग तुमची अडचण काय आहे?"

"अडचण अशी आहे सर, की धूर ईशान्येला गेला आणि अकोला दक्षिणेला आहे."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. साहेबांना ते आवडलं नाही. मी परवानगी न मागता प्रोजेक्टर चालू केला. परवानगी मागितली असती तर वेळ नाही असं ऐकावं लागलं असतं. गुलाबी पट्टा राजस्थानातून निघून अकोल्यापर्यंत येताना दाखवला. त्याच वेळचा धारणीचा निळसर धूर दुसरीकडे जाताना दाखवला. परवीननं काढलेले कणांचे फोटो दाखवले. मग ती एक सकाळ दाखवली. कोणी विचारण्याआधी मीच दाखवली.

साहेब पुढे झुकले. "म्हणजे आला. तुम्हीच सांगताय, धूर अमरावतीत आला."

हॉलमध्ये कुजबुज झाली. ज्या वाक्यासाठी मी फुलवंतीबाईंची नाराजी घेतली होती, तेच त्यांच्या गळ्याशी येत होतं.

"आला, सर," मी म्हटलं. "आता त्या सकाळचे शहरातल्या हवामोजणीचे आकडे बघू." पुढची स्लाइड लावली. "त्या सकाळी अमरावतीची हवा त्या आठवड्यातली सगळ्यात बरी होती. कारण धुळीचा पट्टा रात्रीतून पुढे निघून गेला होता. मेळघाटाच्या धुरानं शहर गुदमरत असतं, तर नेमकं त्याच दिवशी गुदमरायला हवं होतं. त्या दिवशी तुमच्याकडे तक्रारी आल्या का?"

साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. आल्या नव्हत्या.

"आग कोणी लावली, ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "उपग्रहाला काडी ओढणारा हात दिसत नाही. ती चौकशी तुम्ही करा. पण शहरांचा खोकला त्या गावांच्या नावावर टाकायचा असेल, तर त्याला आमचं चित्र वापरता येणार नाही."

साहेब वानखडे सरांकडे वळले. "वानखडे, तुमच्या केंद्राचं अधिकृत म्हणणं काय?"

सर न बोलण्याचं ठरवून आले होते. ते उभे राहिले, सवयीनं. पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. इतका वेळ, की साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

"मॅडमनं सांगितलं तेच," सर म्हणाले. "शब्दही तेच."

साहेबांनी "पुढचा विषय" म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात फुलवंतीबाई उठून आल्या. मी काय झालं ते सांगितलं.

"आमचा थोडा धूर आला, ते बी सांगतलं?"

"सांगितलं."

"अन् तरी चाललं?"

"त्यामुळेच चाललं."

त्यांनी यावर जरा विचार केला. "बरं," त्या म्हणाल्या. "पन एक सांगतो म्याडम. आग लागली की तुमाले आमच्या पहिले समजते. तुमी तो नकाशा मिटिंगवाल्याइले पाठोता. इझवाले आमी जातो. मंग आमाले काहून नाई पाठोत?"

त्या आठवड्यापासून मी ठिपके त्यांच्या फोनवर पाठवायला लागले. ऑफिसला विचारलं नाही. सरांना कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गावाचं नाव मोठ्या अक्षरात टाक, त्यांच्याकडं चष्मे नसतात."

बंदीचा प्रस्ताव रद्द झाला असं कोणी जाहीर केलं नाही. तो नुसता पुढे गेला नाही. मोहाचे शेवटचे दिवस त्या गावांना मिळाले, तेंदूपत्ता पूर्ण मिळाला. बाणवाला नकाशा मात्र अजून फिरतो. मागच्या उन्हाळ्यात आईनंच मला तो पुन्हा पाठवला, खाली लिहिलं होतं, "हे पाह्य, पुन्हा जाळून रायले."

माझं कंत्राट पुढच्या वर्षी वाढलं नाही. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. सरांनी निरोपाचा चहा पाजला आणि म्हणाले, "मले वाटलं होतं तू आयत्या वेळी माघार घेशील. मंग मले तिथं उभं राहून काही ठरवा लागलं नसतं." ही तक्रार होती की कौतुक, ते मला अजून कळलेलं नाही. आता मी अकोल्यातून स्वतंत्र काम करते. धारणीकडचे ठिपके अजून पाठवते. त्याचं कंत्राट कोणी दिलेलं नाही, त्यामुळे ते कोणाला काढूनही घेता येत नाही.

या धंद्यात नवीन आलेल्या मुली कधी कधी मला विचारतात, असं दडपण आलं तर काय करायचं? मी सांगते, वाक्य मऊ करा असं कोणी म्हटलं, तर भांडू नका. कागद पुढे करा आणि विचारा, कोणत्या चित्राच्या आधारानं? बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं. कधी कधी नोकरीही संपते, पण तो वेगळा विषय आहे.